८७ वर्षांच्या जेवणाचा एक थेंब

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा हातात ठेवताना आधीच सांगितलं, डॉक्टर, ह्या वेळी सगळे त्याच विषयावर, 'धातू' म्हणजे वीर्य आणि पुरुषाची ताकद. बघितलं तर खरंच तसं. कोणी पाकिटावर 'फक्त डॉक्टरांनी फोडावे' लिहिलंय, कोणी मित्राचा प्रॉब्लेम म्हणून स्वतःचा लिहिलाय (मित्राच्या कंबरेत नेमकं कुठे दुखतं हे एवढं बारीक कुणाला माहीत असतं?). नावं काढून टाकलीत, गावाऐवजी तालुका ठेवलाय. वर्षानुवर्षं खाडीकाठी दवाखाना चालवतोय, तेव्हा लाजायचं काम नाही, माझ्यासाठी तरी.

प्रश्न : वय २३, देवगड तालुका, ट्रॉलरवर खलाशी आहे. लघवीतून धातू जाते, संडासला जोर केला की शेवटी चिकट पांढरं येतं. कंबर दुखते, पाय वळतात, भूक नाही, झोप नाही. पंधराव्या वर्षापासून हस्तमैथुनाची सवय होती, ती बंद केली तरी महिन्यातून तीन-चार वेळा झोपेत होतंच. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, तिला फक्त अशक्तपणा एवढंच सांगितलंय. माझी सगळी ताकद निघून गेली का? (मागच्या पानावर : जूनपासून जास्तच आहे. बोटी बंद, घरीच असतो. मालकाकडून घेतलेली उचल फिटली नाही.)

उत्तर : अरे बाळा, नाही गेली. आधी शरीराचं बोलू, मग तुझ्या मागच्या पानाचं.

संडासला जोर दिल्यावर जे येतं ते बहुतेक वेळा वीर्य नसतंच. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी गुदाशयाला अगदी चिकटून असते, मळ कडक झाला की जाताजाता तिच्यावर दाब पडतो आणि तिचा चिकट रस दोन थेंब बाहेर येतो, त्यामुळे बद्धकोष्ठाचा इलाज केला की हे कमी होतं. बोटीवर तुम्ही लोक पाणी किती पिता आणि भाजीपाला किती खाता ते मला माहितीये. लघवी गढूळ दिसते त्याचं कारण पण बरेचदा साधं असतं, भरपेट जेवणानंतर लघवीत फॉस्फेटचे कण उतरतात आणि ती ताकासारखी दिसते. लॅबवाला त्यात ॲसिटिक ॲसिडचे, म्हणजे आपल्या व्हिनेगरमध्ये असतं त्याचे, दोन-चार थेंब टाकतो आणि ते कण विरघळून लघवी स्वच्छ होते. वीर्य असतं तर असं झालं नसतं. लघवीची साधी तपासणी करून घे, फार पैसे लागत नाहीत.

झोपेत होतं त्याला 'स्वप्नदोष' हे नाव कोणी दिलं कुणास ठाऊक, त्यात दोष काहीच नाहीये. शुक्रजंतू तयार व्हायचं काम रात्रंदिवस चालू असतं, एक जंतू पूर्ण व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मागचे तयार होत असतात तोवर पुढचे बाहेर पडतात नाहीतर शरीरातच जिरतात. तू हाताने बंद केलंस म्हणून झोपेत होतंय एवढंच. हस्तमैथुनाने कंबर जात नाही, डोळे जात नाहीत, लिंग वाकडं होत नाही, पुढे मुलं व्हायला अडचण येत नाही. दिवसभर तेच सुचत असेल आणि कामधंदा सुटत असेल तर बोलायला हवं, पण तसं तुझ्या पत्रात कुठे दिसत नाही.

डॉक्टरकडे पळायचं ते केव्हा ते पण सांगतो. पिवळा पू आला, लघवीला आग झाली, जागेवर फोड-जखम झाली, रक्त गेलं, ताप आला, किंवा लघवी कायमच दुधासारखी पांढरी राहिली (हत्तीरोगाच्या जंतूंनी सुद्धा तसं होतं) तर थांबू नकोस. आणि बंदरावर कुठे कंडोमशिवाय संबंध आला असेल तर सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव कुठे फुटत नाही.

आता मागचं पान. मला तुझ्या अख्ख्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने हातात पैसा नाही, डोक्यावर उचल, बाहेर धो धो पाऊस, घरात आईचं तोंड बघत बसायचं आणि नेमकं तेव्हाच कंबर दुखायला लागली, झोप उडाली. ह्याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. होतं काय की आपल्याकडे पुरुषाला 'मला उदास वाटतंय' म्हणायची सोयच नाही, म्हटलं तर चारजण हसतील, एखादा म्हणेल दोन पेग मार सगळं ठीक होईल. पण 'धातू जाते' म्हटलं की ते शरीराचं दुखणं झालं, त्यावर औषध मागता येतं. प्राध्यापक एन. एन. विग ह्यांनी १९६० मध्ये ह्या तक्रारीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत त्याची नोंद झाली. थकवा, अंगदुखी, झोप न लागणं, छातीत धडधड, सगळं खरंखुरं होत असतं, पेशंट नाटक करत नसतो, फक्त त्याचं खापर वीर्यावर फुटतं. धात म्हणून आलेल्या पोरांना नीट विचारत बसलं की बऱ्याच जणांत चिंतारोग नाहीतर डिप्रेशन निघतं, आणि ह्या दोन्हींवर चांगले उपचार आहेत, बोलण्याचे पण आणि लागल्या तर गोळ्यांचे पण.

तर तू टॉनिक आणू नकोस. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मनाच्या आजारांचे डॉक्टर कुठे बसतात विचार, केसपेपर काढ आणि त्यांना दोन्ही पानं वाचून दाखव. तोवर रात्री-बेरात्री जीव नकोसा वाटला तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारी लाइन आहे, २४ तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि उचलीचं काय ते आईला सांग. धातूचं सांगायला लाज वाटते ते मी समजू शकतो, पण पैशांचं तिला बहुतेक आधीच कळलेलं असणार.

प्रश्न : वय २९, खेड तालुका, नोकरी मुंबईत, वैशाखात लग्न ठरलंय. लग्नाआधी चेक करून घेऊ म्हणून हायवेवरच्या एका तंबूत गेलो. त्यांनी नाडी बघून सांगितलं की वीर्य पातळ झालंय, नसा मेल्या आहेत, मुलीला सुख देऊ शकणार नाहीस. भस्माच्या पुड्या, तेल आणि लेह्य असा २२ हजारांचा कोर्स घेतला, दोन महिने झाले, फरक नाही, उलट पोटात दुखतं. आता म्हणतात अजून एक कोर्स लागेल. लग्न मोडू का?

उत्तर : लग्न नको मोडूस, कोर्स मोड. आजच, हे वाचून झाल्यावर.

नाडी बघून वीर्य पातळ आहे की घट्ट हे कुणालाच कळत नाही. ते पातळ होणं म्हणजे काय तेही ऐकून ठेव, वीर्य बाहेर आल्यावर आधी गोळ्यासारखं असतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत आपोआप पातळ होतं, ते तसं व्हायलाच हवं, नाही झालं तर उलट मूल राहायला अडचण येऊ शकते. म्हणजे तुला निरोगीपणालाच रोग म्हणून विकलं. आणि 'नसा मेल्या' असं बोट लावून सांगणारा माणूस कुठून आला हे विचारायचं धाडस त्या वेळी होत नाही ते मला कळतं, कारण तेव्हा आपली पँट खाली असते.

आता तो हिशेब, जो ह्या सगळ्या धंद्याचं भांडवल आहे. चाळीस घास जेवणाचा एक थेंब रक्त, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब मज्जा, चाळीस थेंब मज्जेचा एक थेंब वीर्य, असं तुला कधी ना कधी कोणीतरी सांगितलेलं असणार, मला आमच्या शाळेच्या पाठी नारळाच्या बागेत एका मोठ्या पोराने सांगितलं होतं. काही जण घास म्हणत नाहीत, चाळीस जेवणं म्हणतात. मी एकदा दवाखान्यात पेशंट नव्हता तेव्हा प्रिस्क्रिप्शन पॅडवर मांडून बघितलं. ४० गुणिले ४० गुणिले ४० म्हणजे ६४,००० जेवणं. दिवसाला दोन धरली तर ३२,००० दिवस, म्हणजे ८७ वर्षं आणि वर काही महिने. एका थेंबाला! म्हणजे तिसऱ्या वर्षापासून रोज भात-आमटी नीट खाल्ली तर नव्वदीला माणसाकडे एक थेंब जमा होणार आणि त्याच्या नातवंडांचा तर प्रश्नच नाही.

खरा हिशेब असा आहे. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलि बाहेर येतं, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा एक चमचा. त्यातलं बहुतेक पाणी. निम्म्याहून जास्त भाग शुक्राशयातून (प्रोस्टेटजवळच्या पिशव्यांतून) येतो, बराचसा प्रोस्टेटमधून, आणि शुक्रजंतूंचा वाटा २ ते ५ टक्के. प्रथिनं म्हणशील तर पाव ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, बांगड्याचं तर विचारूच नकोस. एवढ्याने पैलवान आटत नसतो. रक्तापासून वीर्य होतं हा समज मात्र फक्त आपलाच आहे असं समजू नकोस, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा तिसो नावाचा डॉक्टर होता, त्याने १७६० च्या सुमारास अख्खं पुस्तक लिहून सांगितलं होतं की एक औंस वीर्य जाणं म्हणजे चाळीस औंस रक्त जाणं, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेतले शिकलेले डॉक्टर ह्या भीतीने पोरांना घाबरवत राहिले. चाळीसचाच आकडा तिकडे पण कसा आला हे मला मोठं मजेशीर वाटतं. त्यांच्याकडून तो समज गेला, आपल्याकडे तंबूत राहिला.

आयुर्वेदावर राग काढायला नको. शुक्र हा सात धातूंतला शेवटचा, हे शास्त्रात आहे, पण शिकलेला वैद्य असं ठोकून देत नाही, माझे एक वैद्य मित्र तर अशा पोरांना औषधाऐवजी सरळ घरी पाठवतात. तुझ्या पुड्यांची मला काळजी आहे कारण अशा बेनामी भस्मांत शिसं आणि पारा सापडल्याच्या केसेस आहेत आणि शिशाने पोटात कळा येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जा, रक्तातलं शिसं कुठे तपासून मिळेल ते फिजिशियनला विचार, पुड्या सोबत ने, फेकू नकोस. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी एसटी स्टँडच्या मुतारीपासून धक्क्यापर्यंत भिंती रंगलेल्या आहेतच. पावती असेल तर पोलिसांत आणि अन्न-औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तू करणार नाहीस, कारण लाज, आणि ते लोक त्या लाजेवरच तर जगतात. तरी सांगून ठेवतो.

पहिल्या रात्रीचं म्हणशील तर दोन दिवस हळद-लग्न-पूजा, पाहुण्यांनी भरलेलं घर, फळीच्या पलीकडे झोपलेली आत्या, अशात कुणालाच काही जमत नाही. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते लिंगाकडे जाणारं रक्त आखडून घेतं. झोपा गुपचूप. चार दिवसांनी, आठ दिवसांनी जमेल. आणि त्या मुलीशी लग्नाआधी दोनदा नुसतं चहा प्यायला भेट, तिला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटत असणार.

प्रश्न : वय १९. माझं लिंग दिवसेंदिवस आत जातंय, लहान होतंय असं वाटतं. पावसात पोहून आलो की अजूनच.

उत्तर : थंडीने आणि भीतीने आखडतं, सगळ्यांचंच. गरम पाण्याने आंघोळ केली की परत येतं, त्याला मुळं असतात, ते पोटात पळून जात नाही. मात्र ही भीती एकट्या तुझीच नाही बरं. १९६७ मध्ये सिंगापुरात अफवा उठली की लस टोचलेल्या डुकराचं मांस खाल्लं की लिंग आत जातं, आणि शेकडो पुरुष ते हातात घट्ट धरून दवाखान्यात धावले. १९८२ मध्ये आपल्याकडे आसाम आणि उत्तर बंगालमध्ये तेच झालं. आत कुणाचंच गेलं नाही. मोजपट्टी ठेवून दे आणि ते व्हिडिओ बघणं जरा कमी कर, तिथे माणसं निवडून घेतलेली असतात.

प्रश्न : हे मासिक आमच्या घरात सून-नातवंडं वाचतात. असले घाणेरडे प्रश्न छापणे ताबडतोब बंद करावे. एक ज्येष्ठ वाचक, दापोली तालुका.

उत्तर : काका, राग मान्य. पण तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे, १९२७ पासून ते १९५३ मध्ये जाईपर्यंत. वाचकांच्या ह्याच जातीच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक चालू राहिलं. इतकी वर्षं झाली तरी वाचकांचे प्रश्न तेच आहेत ह्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो. नातू चौदाचा झाला असेल तर हे पान त्याच्या हाताला लागेल असं ठेवा.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, सावंतवाडी तालुका. मिस्टर मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. दोन वर्षं झाली, आले की पडवीत झोपतात. म्हणतात शक्ती राखली पाहिजे, तुझ्याजवळ आलो की चार दिवस कामावर उभं राहवत नाही. सासूबाई पण म्हणतात की बायकोने नवऱ्याला पिळू नये. माझ्या पण अंगावरून पांढरं जातं, मग माझी पण शक्ती जाते का? कुणाला विचारू कळत नाही.

उत्तर : ताई, आधी तुमचं. अंगावरून थोडं पांढरं, पारदर्शक जाणं हे पाळीच्या चक्राप्रमाणे होतंच, त्याने हाडं झिजत नाहीत आणि शक्ती जात नाही. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं घट्ट किंवा हिरवट असेल, ओटीपोटात दुखत असेल तर तपासून घ्या, उपचार साधे असतात. थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघा, आमच्याकडे बायकांच्या थकव्याचं कारण तिथेच सापडतं आणि शेवटची जेवायला बसणारी बाई ती असते, हे काय मी तुम्हाला सांगायला नको.

आता मिस्टर. तुमच्यावरचं प्रेम आटलंय असं लगेच धरू नका. सहा महिन्यांनी माणूस घरी येतो, चार दिवसांत सगळं निभवायचं, पहिल्या रात्री लवकर झालं किंवा झालंच नाही, की तो मनात घेतो आणि दुसऱ्या वेळी जवळ यायलाच घाबरतो. 'शक्ती राखतो' असं म्हटलं की मान राहतो, 'मला भीती वाटते' असं म्हटलं की जातो, म्हणून बिछाना पडवीत. संबंधानंतर थोडी झोप येते, सुस्ती येते, ती सकाळपर्यंत उतरते. चार दिवस उभं राहवत नसेल तर कारण दुसरं काहीतरी आहे, साखर, थायरॉइड, दारू, मन, काहीही, आणि ते शोधायला हवं. मुंबईत सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे दोघांनी मिळून जाता येतं. तुम्ही त्यांना 'डॉक्टरकडे चला' म्हणून सुरुवात करू नका, म्हणा की पडवीत डास चावतात, आत झोपा, मला काही नको नुसतं बोलू. फोनवर रोज काय बोलता हो तुम्ही दोघं? गॅस सिलिंडर आणि मुलाची फी ह्याच्या पलीकडे? तिथून सुरू करा.

सासूबाईंना मी काही सांगू शकत नाही. त्यांनाही कुणीतरी तरुणपणी हेच ऐकवलं असणार.

प्रश्न : डॉक्टरांनू, माका सांगूक लाज वाटता, पण इचारल्याशिवाय रवाक होत नाय. वय ५८, मालवण. तीन वर्सां साखर आसा. ताठरता येना नाय. गेल्या साली छातीत दुखला तेवापासून जिभेखाली ठेवची गोळी खिशात आसता. मुंबैचो भाचो सांगता, एक जडीबुटीची बाटली आसा, शंभर टक्के आयुर्वेदिक, काय बी साइड इफेक्ट नाय. घेव?

उत्तर : काका, नको. अजिबात नको, आणि आली असेल तर उघडू नका.

वरच्या पोरांचं आणि तुमचं वेगळं आहे. त्यांना भीतीने होतंय, तुमच्या वयात साखरेने होतं. साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते आणि लिंगाच्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून कधी कधी हृदयाचं दुखणं दिसायच्या काही वर्षं आधी तिथे कळतं. तेव्हा हा नुसता म्हातारपणाचा लाजिरवाणा प्रश्न नाही, तो तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगायलाच हवा, त्यांना ह्याचं काही नवल नसतं.

बाटलीचं सांगतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या बऱ्याच मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलंय, म्हणजे ती निळी गोळीच (व्हायग्रा), लेबलवर न लिहिता. म्हणून तर 'फरक पडतो'. आणि सिल्डेनाफिल घेतलेल्या माणसाने तुमच्यासारखी जिभेखालची नायट्रेटची गोळी घेतली की रक्तदाब एकदम असा कोसळतो की माणूस उठत नाही. तुम्ही रात्री बाटलीतलं दोन चमचे घेणार, पहाटे छातीत दुखलं म्हणून सवयीने गोळी जिभेखाली ठेवणार, आणि दवाखान्यात आणलं तर आम्हाला बाटलीचं कुणी सांगणारच नाही, कारण घरात कुणाला माहीतच नसणार.

तंबाखू-मिश्री चालू असेल तर बंद, संध्याकाळची दोन पेगांची सवय कमी, रोज बंदरापर्यंत चालत जाऊन या, आणि गेल्या तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी करून घ्या. तो आकडा मला पुढच्या पत्रात लिहून पाठवा, सोबत सगळ्या चालू गोळ्यांची नावं, प्रेशरच्या सुद्धा, त्यांतल्या काही गोळ्यांनी पण हे होतं. आणि भाच्याला सांगा, बाटली परत कर, पैसे मिळाले तर सुरमई घेऊन ये.